पेमेंट अडकलंय, आता काय? उधारी, वसुली आणि पार्टीशी (म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी) बोलायचं कसं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न

हे सगळं कुणासाठी लिहिलंय?

ज्यांना माल आधी द्यावा लागतो आणि पैसे नंतर मागावे लागतात अशा सगळ्यांसाठी. छोटं वर्कशॉप असेल, प्रिंटिंग प्रेस असेल, कंपन्यांना पॅकिंगचे बॉक्स पुरवत असाल, कॅन्टीनला भाजी देत असाल, काहीही. आम्ही भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचं जॉबवर्क करतो त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येणार. आजूबाजूचे लोक हेच हेच विचारत असतात आणि दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकलं. कायद्याच्या गोष्टीही आहेत पण आम्ही वकील नाही, रक्कम मोठी असेल तर आपल्या सीएला आणि वकिलाला विचारूनच पुढे जा.

बिल देऊन दोन महिने झाले, पार्टी नुसतं "बघतो" म्हणते. पहिला फोन कुणाला करायचा?

मालकाला नाही. पर्चेसच्या साहेबांना पण नाही. पहिला फोन स्टोअर्सला.

का ते सांगतो, कारण बहुतेकांना हेच माहीत नसतं आणि ते उगाच पार्टीच्या नावाने बोटं मोडत बसतात. मध्यम आणि मोठ्या कंपनीत पैसे कुणाच्या मनात आलं म्हणून सुटत नाहीत, तिथे तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात. एक त्यांची पीओ (लेखी खरेदी ऑर्डर), दुसरा त्यांच्या स्टोअर्सने माल उतरवून घेतल्यावर काढलेला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि तिसरं तुमचं बिल. तिन्हीत नग, रेट, पीओ नंबर सारखे असले की बिल अकाउंट्सच्या लिस्टमध्ये चढतं, नाहीतर सिस्टीम ते होल्डला टाकते आणि तुमचं बिल होल्डला पडलंय हे सांगायला तुम्हाला कुणीही फोन करत नाही. कुणाचं ते कामच नसतं.

आता बघा काय होतं. तुम्ही ५०० बुश (मशीनचे छोटे पार्ट) पाठवले, डिलिव्हरी चलनावर ५०० लिहिलं, बिलही ५०० चं केलं. टेम्पो संध्याकाळी पोचला, स्टोअर्सच्या पोराने दुसऱ्या दिवशी मोजले तर ४९८ भरले. त्याने इमानदारीत ४९८ चा जीआरएन काढला आणि जेवायला गेला. दोन नगांची किंमत असेल शंभर-सव्वाशे रुपये, पण आता तुमचं अख्खं बिल अडकलं. तुम्ही महिनाभर पर्चेसच्या साहेबांना फोन करताय, साहेब "अकाउंट्सला सांगितलंय" म्हणतात आणि ते खोटं पण बोलत नसतात, त्यांनी खरंच सांगितलेलं असतं. अकाउंट्सवाल्या मॅडमला स्क्रीनवर नुसतं होल्ड दिसतं आणि त्या पुढच्या बिलाकडे वळतात. या प्रकरणात दोन नगांची क्रेडिट नोट (बिल तेवढ्याने कमी केल्याचा कागद) काढून दिली की विषय संपतो, पण त्यासाठी आधी कळायला तर पाहिजे!

अजून नेहमी सापडणारी कारणं म्हणजे पीओ नंबर जुना टाकलाय, रेट वाढवून दिला तोंडी पण पीओ अमेंड झालीच नाही, पीओ किलोत आणि बिल नगात, टेस्ट सर्टिफिकेट किंवा इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडला नाही, तुमचं बँक खातं बदललं पण त्यांच्या सिस्टीमला जुनंच आहे, आणि सगळ्यात भारी म्हणजे ओरिजिनल बिल ड्रायव्हरने सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवलं आणि ते अजून तिथेच आहे. हसू नका, होतं असं.

म्हणून पहिला प्रश्न "पेमेंट कधी?" असा विचारायचाच नाही. "आमच्या अमुक चलनाचा जीआरएन झालाय का, नंबर मिळेल का?" हा विचारायचा. याचं उत्तर द्यायला कुणाला त्रास होत नाही, टाळावंसं पण वाटत नाही. नंबर मिळाला की मग अकाउंट्सला, "जीआरएन नंबर हा आहे, बिल बुक झालंय का?" बुक झालं असेल तर मग फक्त तारीख विचारायची उरते. अशा पायऱ्यांनी गेलं की बिल नक्की कुणाच्या टेबलावर झोपलंय ते दोन फोनमध्ये कळतं.

पण आमची पार्टी छोटी आहे, एकटा शेठच सगळं बघतो. तिथे?

तिथे वरचं काही लागू नाही. तिथे शेठच्या खात्यात पैसे कधी येतात हे माहीत पाहिजे. त्याची मोठी पार्टी त्याला १० तारखेला पैसे देत असेल तर तुमचा फोन ११ ला सकाळी गेला पाहिजे, २० ला केला तर पैसे पगारात, भाड्यात आणि ज्याने ११ ला फोन केला त्याच्यात वाटून गेलेले असतात. हे कुठून कळणार? गप्पा मारताना कळतं. चहा पिताना विचारलं की माणसं सांगतात.

पहिली आठवण केव्हा करायची? ड्यू डेट उलटल्यावर ना?

उलटायच्या आधी. एकदा बिल पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी, "बिल मिळालं का, काही दुरुस्ती आहे का" म्हणून. परत ड्यू डेटच्या आठवडाभर आधी. तेव्हा तुम्ही पैसे मागत नसता, फक्त विचारत असता, त्यामुळे तुमच्या आवाजात चिडचिड नसते आणि समोरच्यालाही बचाव करावासा वाटत नाही. बऱ्याच कंपन्यांचा पेमेंट रन, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकदम सोडणं, महिन्यातून ठरलेल्या एक-दोन तारखांनाच असतो, तो एका दिवसाने हुकला तरी पंधरा दिवस ते महिना गेला समजा. त्यामुळे रनची तारीख कोणती हे पहिल्याच ऑर्डरला विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

व्हॉट्सॲपवर नक्की काय लिहायचं? रोज "सर पेमेंट" लिहून थकलो.

समोरचाही वाचून थकलाय. "सर पेमेंट??" या मेसेजमध्ये काहीच नाही, कुठलं बिल, किती रुपये, कधीचं, हे सगळं त्याने शोधायचं आणि मग तुम्हाला उत्तर द्यायचं, कोण करेल? त्यापेक्षा गुड मॉर्निंगच्या फुलांचा फोटो बरा, त्याला निदान अंगठा तरी येतो.

असं लिहा:

"नमस्कार साहेब. बिल नं. ११२, ता. ४ ऑगस्ट, रु. ८६,१४०. पीओप्रमाणे ३० दिवस, म्हणजे ३ सप्टेंबरला ड्यू होतं. जीआरएन झालेला आहे, कॉपी सोबत पाठवतोय. येत्या १० तारखेच्या रनमध्ये लागतंय का, तेवढं आज सांगाल का?"

यात साहेबांना काही शोधावं लागत नाही, हाच मेसेज ते जसाच्या तसा अकाउंट्सला फॉरवर्ड करू शकतात, आणि शेवटी हो किंवा नाही एवढंच उत्तर हवंय. एका मेसेजमध्ये पाच बिलं घुसवू नका, पाच बिलं असतील तर लेजर (खात्याचा उतारा) पाठवा आणि सगळ्यात जुन्या बिलाबद्दलच विचारा. सगळी मिळून "साडेचार लाख बाकी आहे" म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो आणि तो गप्पच बसतो. एक जुनं बिल मागितलं की ते निघतं.

अजून एक, ग्रुपवर मागू नका. ऑर्डरचा ग्रुप असतो ज्यात त्यांचे क्वालिटीवाले, डिस्पॅचवाले, त्यांचे मोठे साहेब सगळे असतात, तिथे पेमेंट काढलं की पर्चेसवाल्याचा चारचौघात अपमान होतो आणि तो हे विसरत नाही.

"बघतो", "करतो", "होऊन जाईल", "टेन्शन घेऊ नका", याचा अर्थ काय घ्यायचा?

काहीच नाही घ्यायचा. ही उत्तरं नाहीत, फोन ठेवायची पद्धत आहे. त्यावर शांतपणे एवढंच म्हणायचं, "बरं साहेब, मग मी सोमवारी सकाळी अकराला फोन करू ना?" ते हो म्हणतात, कारण सोमवार अजून लांब असतो. मग सोमवारी अकरालाच करायचा, साडेअकराला नाही. दोन-तीनदा असं झालं की त्यांना कळतं हा माणूस बोलला तसं करतो, आणि जो पाठ सोडत नाही पण आवाजही चढवत नाही त्याचं बिल वर येतं हा आमचा अनुभव. आरडाओरडा करणाऱ्याचं एकदा निघतं आणि पुढच्या वेळी ऑर्डरच निघत नाही.

फोन उचलतच नाहीत. ब्लू टिक येते, उत्तर नाही.

सलग दहा कॉल मारू नका. दुसऱ्या नंबरवरून पण करू नका, ते पकडल्यासारखं होतं आणि पहिली दोन मिनिटं त्यातच जातात. आधी एक मेसेज, "साहेब, बिझी असाल, अकाउंट्सला कुणाशी बोलू तेवढं नाव सांगा." यात त्यांची सुटका होते त्यामुळे उत्तर येण्याची शक्यता जास्त. तरी नाही आलं तर ईमेल, आणि ईमेल नंतर प्रत्यक्ष. प्रत्यक्ष जाताना नुसतं पैसे मागायला म्हणून जाऊ नका, पुढच्या लॉटचं ड्रॉइंग, एखादं सॅम्पल, काहीतरी हातात घेऊन जा. गेटवर सिक्युरिटीला कारण सांगायला बरं पडतं आणि आत गेल्यावर बसायला खुर्ची मिळते.

ईमेल लिहायचा तर इंग्रजी येत नाही.

मग मराठीत लिहा की. पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-संभाजीनगरच्या कंपन्यांत अकाउंट्सला बसलेली माणसं बहुतेक आपलीच असतात, त्यांना मराठी वाचता येतं आणि तुमच्या मोडक्या इंग्रजीपेक्षा चार सरळ मराठी वाक्यं लवकर कळतात. हेड ऑफिस चेन्नई-गुरगावला असेल तर प्रश्न वेगळा, तिथे इंग्रजी लागेल, पण तिथेही लांबलचक पत्र नको. सब्जेक्टमध्ये बिल नंबर, रक्कम आणि ड्यू डेट. आत तेच परत दोन ओळीत. खाली जोडलेल्या कागदांची यादी. बास. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट" असलं शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं काही नको.

ईमेल का पाठवायचा हे लक्षात घ्या. फोनवरचं हवेत जातं, साहेब बदलले की गेलं. नवीन साहेब म्हणणार मला काही माहीत नाही, आणि त्यांना खरंच माहीत नसतं. म्हणून फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवायचं, "आत्ता फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे अर्धी रक्कम १५ ला आणि उरलेली ३० ला, बरोबर ना?" समोरून नुसतं "ओके" आलं तरी चालेल.

ओळखीचा आहे, नात्यातला आहे, मागायला लाज वाटते.

त्याला द्यायला वाटतेय का? हा प्रश्न आम्ही विचारला की लोक हसतात आणि परत तेच करतात. नात्यात बोलताना एक सोपा मार्ग आहे, मागणारे तुम्ही नाही, हिशोब आहे असं करायचं. "दादा, सीए वह्या मागतोय, तुमचं खातं उघडं दिसतंय, या आठवड्यात बंद करून टाकू या का?" वहीपूजनाच्या आधीचे पंधरा दिवस आणि मार्च, या दोन वेळा अशा आहेत की मागितलेलं कुणाला लागत नाही, सगळे सगळ्यांना मागत असतात. लग्नात, बारशाला, हळदीला मात्र विषय काढू नका. आणि पुढच्या वेळी ॲडव्हान्स घ्या, नातं टिकेल.

उधारी किती दिवसांची द्यायची? कायद्यात काही आहे का?

आहे, आणि बहुतेक छोट्या लोकांना अर्धवट माहीत आहे. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि पार्टीशी लेखी काही ठरलं नसेल, तर पार्टीने माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी ठरलं असेल तर ठरलेल्या तारखेला, पण ती मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. पीओवर "९० दिवस" छापलेलं असलं तरी कायद्याने ४५ च. उशीर झाला तर व्याज आहे, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ, म्हणजे बँक रेट समजा ६ टक्के असेल तर १८ टक्क्यांनी.

आता खरं काय चालतं तेही सांगतो. पार्ट्या ९० दिवस लिहितात, आपण सही करतो, कारण ऑर्डर पाहिजे असते. कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, पण बोलताना पाठीशी काहीतरी असतं एवढं नक्की. आणि जिथे पहिल्यांदाच रेट ठरतोय तिथे दिवसही रेटमध्येच धरा. ३० दिवसाचा एक रेट, ६० चा वेगळा, असं सरळ कोटेशनवर दोन ओळीत लिहून द्या, पर्चेसवाल्याला ते कळतं, तो रोज तेच करतो.

उद्यम (एमएसएमईची सरकारी नोंदणी) काढलेलं नाही, चालेल का?

काढा. आजच काढा. फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होतं, कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो स्वतःसाठी मागतोय. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा पण वाढल्यात, मशिनरीत अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटीपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटीपर्यंत लघु. आपल्यातले बहुतेक सूक्ष्ममध्येच बसतात. माल दिल्यानंतर, भांडण झाल्यावर उद्यम काढलं तर त्यावरूनच वाद घालतात, म्हणून आधी. नंबर बिलावर ठळक छापा आणि सर्टिफिकेट एकदा ईमेलने पाठवून ठेवा. नुसता ट्रेडिंगचा धंदा असेल, म्हणजे माल घेऊन विकणे, तर उद्यम मिळतं पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, उशिरा पेमेंटचं वरचं संरक्षण ट्रेडरला नाही.

ते ४३बी(एच) काय आहे? त्याने खरंच पैसे येतात का?

२०२३ च्या फायनान्स ॲक्टने आणलेलं आयकराचं कलम, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे वरच्या १५ किंवा ४५ दिवसांत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते तसेच बाकी राहिले, तर पार्टीला तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायचा. म्हणजे नफा फुगून दिसतो आणि टॅक्स आधी भरावा लागतो. नवीन आयकर कायदा आल्यावर कलमांचे नंबर बदललेत, पण अकाउंट्सवाले अजून याच नावाने ओळखतात.

खरंच येतात का, तर मार्चमध्ये येतात. फेब्रुवारीत कंपन्यांच्या अकाउंट्सकडून ईमेल यायला लागतात, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा", तेव्हा लगेच पाठवायचं आणि त्याच ईमेलला आपलं लेजर जोडायचं. मागायची गरजच पडत नाही, त्यांनाच घाई असते. पण बाकीच्या वर्षात फार उपयोग नाही, जुलैचं बिल जानेवारीत दिलं तरी ३१ मार्चच्या आत दिलं ना, मग या कलमाने त्यांचं काही बिघडत नाही. आणि काही पार्ट्या उलट म्हणतात उद्यमवाल्यांकडून घ्यायलाच नको, कटकट आहे. तेही होतं. तरी काढाच.

जीएसटीत पण काहीतरी १८० दिवसाचं आहे ना?

आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पार्टीने तुम्हाला पैसे दिले नाहीत तर तिने त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं, पैसे दिल्यावर मग पुन्हा घेता येतं. पाच महिने उलटलेलं बिल असेल तर आम्ही अकाउंट्सला गोडीत लिहितो, "या बिलाला अमुक तारखेला १८० दिवस होतायत, तुमचं क्रेडिट रिव्हर्स करावं लागू नये म्हणून आठवण." धमकी नाही, काळजी. चांगलं चालतं हे.

पण आपल्या बाजूने पण बघा. तुम्ही जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ११ तारखेच्या आत भरला नाही तर १४ ला त्यांच्या २बी मध्ये (त्यांना मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) तुमचं बिल दिसत नाही आणि मग ते पेमेंट थांबवतात, आणि ते चुकीचं नाही. तिमाही रिटर्न भरत असाल तर मधल्या महिन्यांची कंपन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये टाकायची सोय आहे, सीएला सांगा, तो आपणहून करत नाही.

पेमेंट आलं पण कमी आलं.

आधी टीडीएस (पार्टीने तुमच्या नावाने कापून भरलेला आयकर) बघा. जॉबवर्कवर मालकी फर्म असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २, तोही जीएसटी सोडून मूळ रकमेवर. तो गेलेला नाही, तुमच्या नावावर २६एएस मध्ये (आयकर पोर्टलवरचा टॅक्स जमेचा उतारा) जमा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मग भांडा. टीडीएस नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

रिजेक्शन दाखवून डेबिट नोट लावतात. तीन महिन्यांनी!

यावर आमचं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. माल वापरून झाला, त्यांचं असेंब्ली होऊन गाडीत लागून गेलं आणि मग हिशोबाच्या वेळी "४० नग ओव्हरसाइज होते" म्हणून कापतात. वरच्या एमएसएमई कायद्यातच आहे की माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. हे बिलावर खाली छापा, "तक्रार असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावी, रिजेक्ट नग परत पाठवावेत." रिजेक्ट नग परत मागणं हे सगळ्यात महत्त्वाचं. "साहेब, कापा तुम्ही, पण ते ४० नग रिटर्न चलनावर पाठवा, आम्ही रिवर्क करून देतो" एवढं म्हटलं की अर्ध्या डेबिट नोटा तिथेच गळतात, कारण नग नसतातच. असतील तर गपचूप रिवर्क करून द्या, तो आपला दोष आहे.

माल थांबवायचा का?

थांबवा, पण आधी सांगून, आणि लाइन बंद पडेल अशा दिवशी नाही. "मागची दोन बिलं बाकी आहेत, बार (कच्चा माल) घ्यायला पैसे उरले नाहीत, ती सुटली की लगेच पुढचा लॉट लावतो" असं स्पष्ट सांगायचं. मटेरियलला पैसे नाहीत हे सांगण्यात कमीपणा नाही, पर्चेसवाल्याला वर दाखवायला तेच कारण उपयोगी पडतं. पण फोन बंद करून, "मशीन ब्रेकडाऊन आहे" अशी थाप मारून थांबवलं तर विश्वास जातो, आणि मशीन चालू आहे हे सांगणारा शेजारच्या गाळ्यात कुणीतरी असतोच.

चेक दिला होता, बाऊन्स झाला.

इथे भावना बाजूला ठेवा आणि तारखा धरा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्याच्या आत भरलेला पाहिजे. बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे, स्पीड पोस्टाने, वकिलाकडून गेली तर उत्तम. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात. त्यात दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीत, म्हणजे त्याच्या गावाला पळायला लागत नाही. चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८, शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. "परत भरा, या वेळी नक्की पास होईल" असं म्हणून लोक महिने काढतात. परत भरायला हरकत नाही, पण शेवटच्या मेमोपासूनचे ३० दिवस आणि चेकचे तीन महिने दोन्ही कॅलेंडरवर लिहून मग भरा. केस मात्र वर्षानुवर्षं चालते हे धरूनच चला, बहुतेक वेळा नोटीस गेल्यावरच काय ते होतं.

समाधान पोर्टलवर (उशिरा पेमेंटच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार केली तर पार्टी तुटेल ना?

तुटेल बहुतेक. म्हणून ते शेवटी. पोर्टल २०१७ पासून आहे, उद्यम नंबर टाकून बिलं आणि पीओ अपलोड करायची, प्रकरण राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं, आधी तडजोडीचा प्रयत्न आणि नाही जमलं तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याला आव्हान द्यायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हा त्यातला खरा दात. ज्या पार्टीबरोबर पुढे धंदा करायचाच नाही तिच्यावर बिनधास्त करा. करायचा असेल तर आधी ईमेलमध्ये एकदाच, शांतपणे, "अमुक तारखेपर्यंत न झाल्यास आम्हाला समाधानवर जावं लागेल" असं लिहा आणि लिहिलंत तर मग जा. लिहून न जाणारे खूप आहेत, पार्टीला ते पाठ झालंय.

जुनी बाकी आहे, किती वर्षं मागता येते?

साधारण तीन वर्षं, त्यानंतर कोर्टात दावा टिकत नाही. पण तीन वर्षांच्या आत पार्टीने सहीनिशी बाकी मान्य केली की मुदत तिथून नव्याने सुरू होते. म्हणून दर मार्चला बॅलन्स कन्फर्मेशन पाठवायचं आणि सही-शिक्का घेऊन फाईलला लावायचं. दोन ओळींचा कागद, "३१ मार्च रोजी आमच्या खात्यात आपली एवढी बाकी आहे, बरोबर असल्यास सही करावी." अकाउंट्सवाले हसत सही करतात कारण त्यांच्या ऑडिटरलाही तो कागद हवाच असतो.

वसुलीला पोरगा पाठवतो, रिकाम्या हाताने येतो.

कारण त्याला फक्त "पैसे घेऊन ये" सांगितलेलं असतं. त्याला लेजर द्या, जीआरएन नंबर द्या आणि किती रकमेवर हो म्हणायचं ते द्या. समोरचा म्हणाला "निम्मे घेऊन जा" तर पोरगा तुम्हाला फोन लावतो, तुम्ही मशीनवर असता, फोन लागत नाही, निम्मे पण गेले. आमच्याकडे घरातलीच वहिनी हे बघतात आणि त्यांना पूर्ण अधिकार आहे, त्या कुणाशी मोठ्याने बोलत नाहीत पण त्यांच्या वहीत कोण कधी काय म्हणालं ते तारखेसकट असतं. "तुम्ही १२ तारखेला म्हणाला होतात २० ला देतो" असं वाचून दाखवलं की भलेभले साहेब गप्प होतात.

आपल्यालाच सप्लायरला द्यायला उशीर होणार असेल तर?

आपण फोन करायचा, त्याने करायच्या आधी. "काका, १५ ला म्हणालो होतो, जमत नाहीये, आज वीस हजार टाकतो आणि बाकीचे २८ ला." थोडे का होईना पण आज टाकायचेच, नुसतं सांगून भागत नाही. आणि २८ म्हणालात तर २८. ज्या गोष्टींचा पार्टीकडून राग येतो त्याच आपण हार्डवेअरवाल्याशी, टूलवाल्याशी करतो, त्याचा फोन आला की मोबाईल उलटा ठेवतो. तो पण हेच वाचत असेल.

गुरुवारी फोन केला तर चालतो का?

भोसरी-चिंचवडला एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे प्लांटमध्ये कुणी उचलणार नाही. पण अकाउंट्स हेड ऑफिसला असेल आणि ते मुंबईला असेल तर तिथे गुरुवार कामाचाच. उलट आपल्याकडे त्या दिवशी मशीन बंद, आवाज नाही, निवांत बोलता येतं. आम्ही मुंबईचे सगळे फोन गुरुवारीच लावतो, साडेअकराच्या पुढे आणि जेवायच्या आत.